आठ वर्षांच्या मुलीचा नंबर वाढतोय. नुसता चष्मा बदलून भागेल का?

नमस्कार ताई,

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. गेल्या वर्षी फळ्यावरचं दिसेना म्हणून चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर डोळे तपासले, तेव्हा दोन्ही डोळ्यांना मायनस १.२५ निघाला. यंदा त्याच ठिकाणी मायनस २.२५. वडिलांना शाळेपासून चष्मा, आता मायनस ६.५. आजींचं म्हणणं असं, की दिवसभर चष्मा लावल्यानंच नंबर चढला, तेव्हा फक्त शाळेपुरता लावावा. नंतर दाखवलेल्या डॉक्टरांनी रात्री घालायचे थेंब आणि खास महागड्या काचा सुचवल्या, आणि तुम्हाला शंका आली की हा धंदा तर नाही ना. पाच वर्षांचा धाकटा मुलगा आहे, त्याची काही तक्रार नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘नंबर वाढला की चष्मा बदलायचा आणि अठरा पूर्ण झाली की लेझर करून टाकायचं, एवढं पुरेसं नाही का?’

नाही, पुरेसं नाही. लहान मुलांचे डोळे तपासणं हेच माझं रोजचं काम आहे आणि कोल्हापुरातल्या, आसपासच्या गावांतल्या आईवडिलांकडून हा प्रश्न मी सतत ऐकतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चष्म्याचा नंबर म्हणजे आज तिला लांबचं किती पुसट दिसतंय याचं माप. आपण सगळे त्या आकड्याकडेच बघतो, कारण चिठ्ठीवर तोच लिहिलेला असतो. खरी गोष्ट त्यामागे घडतेय: तिचा डोळा लांबीला वाढतोय. जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा साडेतेवीस-चोवीस. ही वाढ जिथं थांबायला हवी तिथं न थांबता पुढे गेली, की लांबच्या वस्तूची प्रतिमा मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर. मायनसची काच ती प्रतिमा मागे सरकवून पडद्यावर आणते, त्यामुळे मुलीला स्पष्ट दिसतं आणि घरच्यांना वाटतं काम झालं. लांब झालेला डोळा मात्र लांबच राहतो. चष्म्यानं तो आखूड होत नाही, लेझरनं होत नाही, कशानंच होत नाही.

लांब झालेल्या डोळ्याचा पडदा ताणून पातळ होतो. त्याचा त्रास आठव्या वर्षी नसतो, अठराव्या वर्षीही सहसा नसतो. तो चाळिशी-पन्नाशीत पुढे येतो. पडदा फाटणं किंवा जागचा सुटणं, बारीक अक्षर वाचायला लागणारा पडद्याचा मधला भाग झिजणं, काचबिंदू, वेळेआधी मोतीबिंदू, हे सगळं मोठ्या मायनस नंबरवाल्यांत जास्त आढळतं. डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरच्या पुढे गेली की कायमची दृष्टी कमी होण्याचा धोका बराच वाढतो. आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक हिशोब मी प्रत्येक पालकाला सांगतो: मुलाचा अंतिम नंबर एकानं जरी कमी राखला, तरी पडद्याचा तो मधला भाग झिजण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. मायनस सहाच्या जागी मायनस पाच. चष्मा दोन्हीकडे लागणारच, म्हणून घरच्यांना यात फरक दिसत नाही. पन्नाशीतल्या डोळ्याला तो फार मोठा आहे.

आपण कोल्हापूरकर पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो तसं याकडे बघा. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे लहान पोरालाही पाठ असतं. पण पाणी ३० फुटांवर असताना जाणता माणूस एवढंच विचारत नाही की आज किती आहे. तो विचारतो, तासाला किती इंचांनी चढतंय. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ते आपल्याला शिकवलंय. तुमच्या मुलीचा मायनस २.२५ हा आज अजिबात घाबरण्यासारखा आकडा नाही. पण वर्षात एक नंबर, वय अवघं आठ आणि वडिलांना मायनस ६.५, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर चढण्याचा वेग काळजी करण्यासारखा आहे. नंबर जितक्या लहान वयात लागतो तितका शेवटी मोठा होतो, कारण डोळ्याची वाढ बहुतेक मुलांत पंधरा-सोळापर्यंत आणि काहींत त्याही पुढे चालू राहते. सर्वात जास्त वेग साधारण सात ते अकरा या वयात असतो. म्हणजे जे काही करायचं ते आत्ता. अठराव्या वर्षी करण्यासारखं उरतं ते फक्त चष्मा घालवणं.

हे सगळं लिहिलं खरं, पण तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांवर मी अजून पूर्ण विसंबणार नाही. दोन्ही वेळा तपासणी थेंब न घालता, मशीनवर झालेली दिसते. मुलांच्या डोळ्यांत जवळचं बघण्यासाठी फोकस बदलणारा स्नायू फार जोरकस असतो. मशीनच्या आतलं चित्र बघताना मूल नकळत तो आवळून धरतं आणि मशीन खऱ्यापेक्षा जास्त मायनस दाखवतं. कधीकधी तर नंबर नसलेल्या मुलालाही मायनस पाऊण-एक निघतो. म्हणून पहिली पायरी म्हणजे स्नायू सैल करणारे थेंब घालून तपासणी. थेंब घातल्यावर डोळे थोडे चुरचुरतात, बाहुली मोठी होते, उजेड सहन होत नाही आणि एक-दोन दिवस जवळचं पुसट दिसतं. फार लहान मुलांना घरी तीन दिवस मलम लावायला देतात, त्याचा परिणाम आठवडाभर किंवा जास्तही टिकतो. तेव्हा घटक चाचणीच्या आठवड्यात ही तपासणी ठेवू नका. शनिवारी करून घ्या.

त्याच वेळी डोळ्याची लांबी मोजून घ्या. त्यासाठी वेगळं मशीन असतं. मुलीनं हनुवटी टेकवून समोरच्या दिव्याकडे बघायचं, डोळ्याला काही लागत नाही, काही सेकंदांत आकडा येतो. उदाहरणार्थ, उजवा २३.८१, डावा २३.७६. या वयाच्या मुलींचा डोळा साधारण २३ च्या आसपास असतो, मुलांचा त्याहून जवळपास अर्धा मिलिमीटर मोठा. पण एका आकड्यापेक्षा सहा महिन्यांनी येणारा दुसरा आकडा मोलाचा. चष्मा न लागलेल्या मुलांचा डोळा या वयात वर्षाला साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर वाढतो, ०.३ च्या पुढे वाढ दिसली तर नंबर चढतोय हे नक्की समजा. एक वही करा, तारीख, दोन्ही डोळ्यांची लांबी आणि थेंब घालून काढलेला नंबर लिहीत जा. चष्म्याच्या पिशवीत कोंबलेल्या जुन्या चिठ्ठ्या घेऊन येणारे पालक खूप भेटतात; तारखेनं लावलेली वही क्वचित दिसते, आणि ती असली की निर्णय पाच मिनिटांत होतो.

तपासणीत आणखी एक बघायला सांगा. मुलगी डोळे फार चोळते का? ॲलर्जीनं डोळे चोळणाऱ्या मुलांत बुबुळ टोकदार होत जाण्याचा वेगळा आजार असू शकतो. त्यात आडवा-तिरपा नंबर, म्हणजे सिलिंडर, भराभर वाढतो. त्याचा इलाज पूर्ण वेगळा आहे. तुमच्या वर्णनावरून ते वाटत नाही, पण खात्री केलेली बरी.

आता आजींच्या शंकेकडे. चष्मा लावला म्हणून नंबर वाढत नाही. वाढत्या वयात चष्मा आणि नंबर दोन्ही एकाच वेळी घरात येतात, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं वाटतं. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन वाढ रोखता येते का, याचा अभ्यास मलेशियात झाला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी नंबर दिलेल्या मुलांचीच वाढ जास्त निघाली. तेव्हा पूर्ण नंबर द्यायचा आणि उठल्यापासून झोपेपर्यंत लावायचा. आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या पिढीला पोरीच्या लग्नाची काळजी असते, ‘एवढ्या ल्हान पोरीला आत्तापासनं चष्मा, पुढं कसं हुईल’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय आणि त्यामागची माया मला समजते. त्यांना एवढंच सांगा, की चष्मा न लावता डोळे बारीक करून बघणारी पोर शाळेत मागं पडते आणि डोळा काही वाढायचा थांबत नाही.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात स्वस्त: बाहेरचा उजेड. ‘वडिलांना आहे म्हणजे तिला होणारच’ असं तुम्ही लिहिलंय. आनुवंशिकता आहेच, पण सगळी गोष्ट तिच्यावर ढकलता येत नाही. सिंगापूर आणि सिडनी इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. आईवडिलांपैकी निदान एकाला चष्मा असण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. तरी सिंगापुरात शंभरातल्या २९ मुलांना मायनस नंबर, सिडनीत तीन-साडेतीन मुलांना. वाचनात सिडनीची मुलं कमी नव्हती, उलट पुस्तकं जास्तच वाचत होती. मोठा फरक होता तो बाहेर घालवलेल्या वेळाचा: आठवड्याला सुमारे पावणेचौदा तास विरुद्ध तीन तास.

याला धरून चीनमधल्या ग्वांगजौ शहरातल्या शाळांत प्रयोग झाला. पहिलीच्या मुलांना रोज फक्त ४० मिनिटांचा एक तास जादा बाहेर दिला. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना मायनस नंबर लागला होता, नेहमीसारख्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. तैवाननं २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रमच देशभर घेतला आणि वर्षानुवर्षं वर चढणारा मुलांच्या अधू नजरेचा आलेख पुढच्या काही वर्षांत खाली वळला. कारण म्हणून सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं, की भरपूर उजेडात पडद्यातून डोपामिन हे रसायन जास्त सुटतं आणि ते डोळ्याच्या लांबीला लगाम घालतं. म्हणून खेळच हवा असं नाही, उजेड हवा. उजेड लक्समध्ये मोजतात. वर्गात ट्यूबलाइट लावून ३००-५०० लक्स उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा काही हजार लक्स मिळतात, उघड्या उन्हात लाखापर्यंत. टोपी घातली तरी चालते, सावलीत बसलं तरी चालतं. सूर्याकडे बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे लगेच येणारी अडचण म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात मूल बाहेर काढायचं कसं? ढगाळ दुपारीसुद्धा बाहेरचा उजेड वर्गापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. पाऊस उघडला की पंधरा-वीस मिनिटं गच्चीवर, अंगणात, नाहीतर कौलाखालच्या उघड्या सोप्यावर. एकदम दोन तास मिळत नसतील तर तुकड्यातुकड्यानं जमवा. मी पालकांना दिवसाची मांडणी करून बघायला सांगतो. शाळेत चालत किंवा सायकलवर जाणं, मधल्या सुट्टीत डबा वर्गाबाहेर खाणं, संध्याकाळी क्लासच्या आधी तास-दीड तास. अंधार पडल्यावर मैदानावर जाण्याचा या कामी उपयोग नाही, आणि इथंच बहुतेक घरांचा हिशोब चुकतो. मूल पाचला शाळेतून येतं, साडेपाच ते साडेसात क्लास, मग आठला कोपऱ्यावर खेळायला सोडतात. खेळ होतो, उजेड मिळत नाही. क्लास सातला ठेवा आणि साडेपाचला रंकाळ्यावर, गांधी मैदानावर, टाऊन हॉलच्या बागेत, जिथं जवळ पडेल तिथं न्या.

क्लासचा विषय निघालाच आहे तर मनातलं लिहितो. आपल्या जिल्ह्याला शिष्यवृत्तीच्या निकालांचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण त्यासाठी दुसरी-तिसरीपासून सकाळचा जादा तास, संध्याकाळचा क्लास, रविवारी सराव परीक्षा, आणि वेळ कमी पडला की पहिली गदा येते ती खेळाच्या तासावर. पी.टी.च्या तासाला गणित घेतल्याचं मुलं मला सहज सांगतात. पुढच्या फेब्रुवारीतल्या पेपरसाठी आपण पुढच्या चाळीस वर्षांची नजर खर्ची घालतोय, आणि हे बेफिकीर आईबाप करत नाहीत, सगळ्यात जास्त काळजी घेणारे आईबाप करतात. याचं मला फार वाईट वाटतं. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागचं कुस्तीचं मैदान उभं केलं आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं केलं. एकाच माणसानं मैदानही दिलं आणि शाळाही. आपल्या पोरांना आपण दोन्ही द्यायला हवं. शाळेच्या पालकसभेत हा विषय तुम्ही काढा. एका आईनं काढला तर चार जणी मान डोलावतात, आणि दोन-तीन शाळांनी तरी पालकांच्या रेट्यामुळे मधली सुट्टी वर्गाबाहेर सक्तीची केलेली मला माहीत आहे.

एक प्रामाणिक मर्यादा सांगायला हवी. बाहेरच्या उजेडाचा भक्कम पुरावा आहे तो नंबर लागू न देण्याचा किंवा उशिरा लागू देण्याचा. एकदा लागलेला नंबर नुसत्या उजेडानं रोखला जाईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या मुलीसाठी तो पाया आहे, पण तेवढ्यावर भागणार नाही.

म्हणून थेंब आणि काचा. तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेली दोन्ही साधनं मान्यताप्राप्त आहेत, त्यात धंद्याचा वास येण्यासारखं काही मला दिसत नाही. थेंब म्हणजे ॲट्रोपिन नावाचं औषध, अगदी सौम्य मात्रेत. हाँगकाँगमध्ये चार ते बारा वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध नसलेले थेंब घातलेल्या मुलांचा नंबर वर्षात सरासरी ०.८१ नं वाढला, ०.०१ टक्केवाल्यांचा ०.५९ नं आणि ०.०५ टक्केवाल्यांचा ०.२७ नं. म्हणजे मात्रेनं फरक पडतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ०.०१ टक्क्याचा उपयोगच दिसला नाही, भारतीय मुलांत मात्र तो दिसला आहे. त्यामुळे मी स्वतः मुलाचं वय, वेग आणि आईवडिलांचा नंबर बघून मात्रा ठरवतो. तुमच्या मुलीचा वेग थेंब घालून केलेल्या तपासणीतही असाच निघाला, तर सगळ्यात कमी मात्रेवर समाधान मानू नका, जास्त मात्रेबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. रोज रात्री झोपताना एकेक थेंब, किमान दोन वर्षं. उन्हात डोळे दिपणं किंवा जवळचं थोडं पुसट होणं काही मुलांत होतं. थेंब एकदम बंद केले तर नंबर उसळी घेऊ शकतो, म्हणून बंद करतानाही डॉक्टरांना विचारूनच.

इथं एका गोष्टीकडे बारकाईनं लक्ष द्या. तपासणीसाठी वापरायचं ॲट्रोपिन १ टक्क्याचं असतं, रोजच्या थेंबांचं ०.०१ किंवा ०.०५ टक्क्याचं. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच. एक टक्का म्हणजे ०.०१ च्या शंभर पट. औषधाच्या दुकानातून बाटली हातात आली की दशांश चिन्हापुढचे आकडे स्वतः वाचा, चिठ्ठीशी ताडून बघा, आणि धाकट्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. हे औषध लहान मुलाच्या पोटात गेलं तर धोक्याचं आहे.

खास काचांचं तत्त्व असं: मधून पूर्ण नंबर, त्यामुळे स्पष्ट दिसतं, आणि भोवती शेकडो बारीक भिंगं, जी डोळ्याच्या कडेच्या भागात प्रतिमा पडद्याच्या पुढे ठेवतात. त्यातून डोळ्याला ‘आणखी लांब होऊ नको’ असा इशारा मिळतो. अशा एका प्रकारच्या काचांवर हाँगकाँगमध्ये झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत नंबरची वाढ जवळपास निम्म्यानं कमी झाली. पण काच नाकावर नीट बसली तरच. आठ वर्षांच्या मुलांची फ्रेम घसरते आणि मूल काचेच्या वरून बघायला लागतं. मग साध्या चष्म्याच्या अनेक पट पैसे मोजून हाती काही येत नाही. दुकानात मुलीला खाली वाकून वहीत लिहायला लावा, मान हलवायला लावा, फ्रेम जागची हलली तर ती घेऊ नका. मूल दिवसभर चष्मा लावत नसेल तर या काचांवर पैसे घालू नका.

दोन्ही एकदम करायचं का? हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पैशाची ओढाताण असेल तर थेंबांनी सुरुवात करा, महिन्याला एक बाटली लागते आणि ती काचांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. मुलगी थेंबाला फार घाबरत असेल, रोज रात्री रडारड होत असेल आणि काचा परवडत असतील, तर काचांपासून सुरू करा. सहा महिन्यांनी वहीतले आकडे बघा, लांबी वाढण्याचा वेग वर्षाला ०.३ मिलिमीटरच्या वरच राहिला तर दुसरं साधन जोडा. रात्री लावून सकाळी काढायच्या कडक लेन्सही असतात, त्यांचाही उपयोग होतो, पण लेन्सला नळाचं पाणी लागलं तर डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. आठ वर्षांच्या मुलीसाठी, घरात कुणाला लेन्स हाताळायची सवय नसताना, मी तो रस्ता आधी घेणार नाही.

मोबाइल आणि पुस्तक यांत डोळा भेद करत नाही, तो अंतर आणि सलग वेळ बघतो. मोबाइल जास्त वाईट ठरतो कारण तो अगदी वीतभर अंतरावर धरला जातो आणि सुटत नाही. पुस्तक निदान कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर, अंथरुणात लोळून वाचणं नको, अर्ध्या तासानं उठून खिडकीबाहेर बघायचं. निळा उजेड अडवणाऱ्या काचांनी नंबर थांबत नाही. गाजर, पालेभाज्या खाऊ घाला, पण नंबरसाठी नाही. डोळ्यांचे व्यायाम आणि त्राटक यांनी लांब झालेला डोळा आखूड होत नाही. मध किंवा कुठलंही घरगुती औषध डोळ्यात घालू नका.

लेझरबद्दल. ते बुबुळाचा आकार बदलतं आणि चष्मा सुटतो, नंबर स्थिर झालेल्या तरुणांसाठी ते चांगलं आहे. पण मागचा ताणलेला पडदा तसाच राहतो आणि चष्मा नसल्यामुळे माणूस तपासणीला येणंच सोडतो. भरतीची तयारी करणारी पोरं वैद्यकीय चाचणीच्या तोंडावर धावत येतात, तेव्हा त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फार थोडं असतं.

आणि हे मुलीच्या वडिलांसाठी. मायनस ६.५ म्हणजे त्यांच्या पडद्याची तपासणी बाहुली मोठी करून वर्षातून एकदा व्हायला हवी. तुम्ही लिहिलंय की चष्म्याचा नंबर पाच वर्षांत बदलला नाही म्हणून ते गेले नाहीत. नंबर स्थिर असला तरी पडदा पातळ होत राहू शकतो. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढले, अंधारात विजेसारखी चमक दिसली किंवा एका बाजूनं सावली सरकत आली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, सोमवारची वाट बघायची नाही. मुलीला तपासायला न्याल त्याच फेरीत त्यांचंही नाव लिहा.

थोडक्यात क्रम सांगतो. आधी शनिवारी थेंब घालून तपासणी आणि लांबीचं माप. पूर्ण नंबरचा चष्मा, पूर्ण दिवस. संध्याकाळचा क्लास पुढे ढकलून उजेडातले दोन तास. मग आकडे बघून थेंब किंवा काचा, आणि दर सहा महिन्यांनी माप.

आता धाकटा. तुम्ही त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीय, पण खरं सांगायचं तर या घरात सगळ्यात जास्त वाचवता येण्यासारखे डोळे त्याचेच आहेत. शाळेत तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतात ती तपासणी तो सहज पास होईल, त्यावर थांबू नका. त्यालाही थेंब घालून तपासा. या वयात मुलांना थोडा प्लस नंबर असणं नैसर्गिक आहे. सहाव्या वर्षी तो प्लस ०.७५ पेक्षा कमी निघाला, तर पुढच्या काही वर्षांत मायनस लागण्याची शक्यता जास्त असते. तसं निघालं तर त्याला आज औषध लागणार नाही, चष्माही लागणार नाही. त्याला पहिलीत क्लास लावू नका, आणि त्या वेळात ताईबरोबर रोज मैदानावर पाठवा. थेंब घालून काढलेला आकडा आला की इथंच लिहा, पुढचं त्यावर बोलू.